भंगारवाल्याच्या हातून निसटलेले पाच डबे

मित्रांनो, माझ्यात सगळ्यात मोठा फायदा दिसला तो भंगारवाल्या मॅलकीला. तेव्हा मी शिल्प नव्हतो. छोट्या रेल्वेचे पाच जुने डबे होतो मी. लोखंड भरपूर आणि विचारणारं कुणी नाही.

आयर्लंडमधल्या आमच्या माळावर पीट निघायचं, म्हणजे दलदलीत साठलेली काळी, जळणारी माती. ती मी वर्षानुवर्षं वीजकेंद्राला पोचवली. पगाराच्या दिवशी कामगार माझ्या पाठीवर थाप मारायचे. मग काम बंद पडलं. माणसं घरी गेली आणि मी गवतात उरलो.

एके दिवशी ब्रोना नावाची शिल्पकार आली. आमच्याकडे पीटच्या ओल्या विटा वाळवताना एकमेकींना टेकवून उभ्या करतात. तिला माझे पाच डबे तसेच उभे करायचे होते. पीट काढणाऱ्या कंपनीचे डबे होते ते; तिनं अट घातली, "शनिवारी संध्याकाळपर्यंत उभे राहिले तर तुझे, नाहीतर मॅलकीचे."

भुसभुशीत जमीन पाहून क्रेनवाला आल्या पावली परतला. शनिवारी जुने कामगार दोरखंड घेऊन आले. पुढे होता डिनी, माझं इंजिन चालवणारा. त्यांनी ट्रॅक्टर लावला. मी जागचा हललो नाही, ट्रॅक्टरच घसरत माझ्याकडे आला! ब्रोनाचा चेहरा उतरला.

दुपारीच मॅलकी ट्रक घेऊन हजर.

"संध्याकाळ व्हायचीय अजून," डिनी म्हणाला.

"लवकर आलेलं बरं, डिनीकाका."

"मेलेला अजून घरात आहे, आणि तू त्याचे बूट मागायला आलास होय रे?"

मॅलकी हसला. घाईत रस्ता सोडून थेट माळावर घुसला आणि ट्रक चाकांच्या आसापर्यंत रुतला. लोक पोट धरून हसले.

"हसताय काय? ओढा मला बाहेर!"

"ओढू की. आधी पोरीचं काम. तुझ्या ट्रकवर तार गुंडाळून ओझं ओढायचं यंत्र आहे ना, त्याची तार डब्याला लाव आणि चालू कर."

"म्हणजे माझा माल मीच घालवू?"

"नको तर राहू दे. पुढच्या वर्षी ब्रोना तुझंही शिल्प करेल. नाक तेवढं वर ठेव!"

मॅलकीनं कपाळाला हात लावला आणि यंत्र चालू केलं. रुतलेला ट्रक तसूभरही हलेना, म्हणूनच तार ताणली गेली. एकेक डबा उठला, ब्रोना बोल्ट आवळत गेली. पाचवा टेकला तेव्हा सगळ्यात मोठी आरोळी मॅलकीचीच होती. मग सगळ्यांनी मिळून त्यालाही चिखलातून ओढून काढलं.

आता माझ्या सावलीत पोरं लपाछपी खेळतात. मित्रांनो, एखादी जुनी वस्तू निकामी ठरवण्याआधी तिला एकदा उभी करून बघा. आणि माझ्या अंगावर खिळ्यानं नावं कोरू नका, गुदगुल्या होतात.

राहता राहिला त्या दिवसाचा हिशेब. आमच्याकडे गाव ज्याच्या कामाला हात लावतं, त्यानं गावाला खाऊ घालायचं अशी रीत आहे. ब्रोना चहा, हॅम सँडविच आणि सफरचंदाच्या केकचे पैसे द्यायला गेली.

"ठेव ते पाकीट आत!" मॅलकी ओरडला. "शेवटी ओढलंत ते मला!"

डबे कंपनीचे गेले, घाम गावाचा गेला, आणि बिल भरलं मॅलकीनं.