मिशरी आणि हिरवा शब्द

माझ्या बायकोच्या, महानंदाच्या हिरड्यांतून रक्त येतं, हे मला तिच्या उशीच्या अभ्र्यावरून कळलं. तिला बरीच वर्षं साखरेचा आजार आहे. खालचे दातही हलू लागले होते. पण परक्या माणसानं तोंडात बोट घालायचं म्हटलं की ही ओठ मिटून घेणार.

म्हणून बेंबळीच्या शाळेत तपासणी शिबिर आलं तेव्हा मला हायसं वाटलं. तिथं नुसती थुंकी द्यायची होती. थुंकीचा थेंब यंत्रात ठेवून त्यावर अवरक्त किरण सोडायचे आणि कुठले किरण शोषले गेले त्यावरून साखरवाल्यांच्या हिरड्यांचा आजार ओळखायचा, असं मी मासिकात वाचलं होतं. निम्मं समजलं असेल, तेही कदाचित चुकीचं.

तोंड न धुता या, असं बजावलं होतं. सकाळी पाहतो तर महानंदा मोरीपाशी बसून मिशरी घासतेय.

"अगं, नको म्हणाले होते ना."

"पारोशा तोंडानं डाक्टरपुढं जाऊ? तुमी जावा तसं. तुमाला शोभतंय."

तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती काळी भुकटी तिनं हिरड्यांवर चांगली चोळली, चूळ भरली आणि वर लवंग चघळली. बोलून कधी काही साधलंय मला?

शिबिरात डॉ. कृष्णराज नावाचा तरुण होता. फोटोत यंत्र मधोमध आणि आम्ही म्हातारे कडेला, अशी मांडणी तो स्वतः करत होता. महानंदाचा थेंब यंत्रात गेला. पडद्यावर नागमोडी रेघ उमटली आणि खाली हिरव्या अक्षरांत शब्द आला: निरोगी.

"बघा," महानंदा म्हणाली, "उगंच जीव खात होता माझा."

मी उठलो. घरून जुळवून आणलेलं वाक्य ऐनवेळी विसरलो. "साहेब, तिनं मिशरी लावली होती. त्यानं रेघ बिघडली असेल का?"

"काका, तुम्ही काय करायचात?"

"वाचनालयात होतो."

"मग पुस्तकं सांभाळा. मशीनला मिशरी-बिशरी सगळं कळतं."

कळतही असेल. मला काय माहीत? तरी म्हणालो, "एकदा तोंडात बघता का?"

"आरसा, बॅटरी काहीच आणलं नाही. त्याची गरजच संपली आता." तो माझ्या खांद्यावरून पुढच्या माणसाकडे पाहू लागला.

दातांचा डॉक्टर आणि दात बघायला काही आणलेलं नाही. एवढ्या इस्त्रीच्या कोटात इतका रिकामा माणूस मी पाहिला नव्हता. हे त्याच्या तोंडावर बोलण्याची हिंमत मात्र झाली नाही. मीही तसा रिकामाच.

परतताना महानंदानं बाजारात पेरू घेतला, सुटल्याच्या आनंदात. पहिलाच घास तोडला आणि थांबली. पांढऱ्या गरावर लाल डाग होता. तिनं जिभेनं दात चाचपला. मी टोमण्याची वाट पाहत राहिलो.

"निरोगी म्हनं," ती हळूच म्हणाली. "ह्यो पेरूच लावायचा व्हता मशीनला."

"टाकू का?"

"न्हाय. ठिवा पिशवीत. उद्या धाराशिवला चला. जो वाकून बघंल, त्याच्याकडं. मी तोंड उघडते."

"आणि मिशरी?"

"न्हाय लावत." चार पावलं चालून ती वळली. "तुमी मात्र आत बोलू नका. तुमचं बोलनं ऐकून त्यो मलाच येडी समजंल."

मी पेरू रुमालात गुंडाळला.