पंखाच्या मधोमध

"हात लावू नका हं," मी म्हणाले आणि जीभ चावली. जे वाक्य बाबांनी नोकरीभर दुसऱ्यांना ऐकवलं, तेच मी त्यांना ऐकवत होते.

बाबा हसले. "नाही लावत. तू तुझं बघ."

विमानाचे पंख तपासायचा आमचा वाऱ्याचा बोगदा आता बंद होणार होता. हल्ली सगळे अंदाज संगणक बांधतो. मग एवढं धूड आणि त्याचा तो खोलीएवढा पंखा पोसायचा कशाला? साहेब मात्र मनाने मोठे. म्हणाले, "ताई, मोडायच्या आधी तुम्हाला काय चालवून बघायचंय ते बघून घ्या." मी माळ्यावरून बाबांनी केलेला शेवटचा पंख काढला, आणि घरून बाबांनाही उचलून आणलं.

बाबा इथले सुतार. बोगद्यात बसवायला विमानाच्या पंखाचे लाकडी तुकडे करायचे. मी मापनाच्या खोलीत लागले तेव्हा लोक म्हणायचे, बाप रंधा मारतो आणि लेक वारा मोजते. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, वाऱ्यात मोजायचं काय? त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "हा पंखा एवढा गरगर फिरतो, तरी पात्यावर धूळ बसतेच ना? पात्याला चिकटलेली हवा हलतच नाही. तिच्यावरची थोडी सरकते, त्यावरची आणखी थोडी. मग कुठं खरा वारा लागतो. तेवढा थर किती जाड, ते मोजायचं. पंख गुळगुळीत तर थर पातळ. खडबडीत असला की हवा विस्कटते, थर फुगतो आणि विमान जड चालतं." पुढे मी पुस्तकं पुष्कळ वाचली, पण डोळ्यांसमोर येतो तो आमच्या स्वयंपाकघरातला मळका पंखाच.

पंखाच्या पुढच्या कडेला कुणी बोट लावलं, की बाबा अंगावर धावून जायचे. स्वतः मात्र बोगद्याचं दार लावण्याआधी कडेच्या मधोमध अंगठा टेकवायचे. "जा गं बाई, नीट जा," म्हणायचे, शाळेच्या पहिल्या दिवशी लेकीला सोडावं तसे.

त्या शेवटच्या पंखाने घात केला. हिशेबाने थर एका नाण्याएवढा यायला हवा होता. आला चार नाणी एकावर एक ठेवावीत तेवढा. मोजला मीच. आकडा मोठ्याने सांगायचं काम माझं, तो मी सांगितला. बाबांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. बोटं तेव्हा जराशी थरथरायला लागलीच होती. "हात गेला," एवढंच म्हणाले.

लवकरच त्यांनी नोकरी सोडली. नंतर घरात साधा खिळासुद्धा ठोकला नाही. खुर्चीचा पाय डुगडुगला की आई खाली कागदाची घडी सारायची. मला त्या घडीचा भयंकर राग यायचा.

बाबांचा हात तेव्हा खरंच गेला होता का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. पूर्वी आम्ही मोजायचो ते फक्त मधोमध, तशी रीतच होती. आज मी सुईएवढी नळी आधी डाव्या बाजूला लावली. वारा सुरू झाला, पायाखालची फरशी गुणगुणू लागली. नळी केसाकेसाने वर घ्यायची. वाऱ्याचा जोर वाढेल तसं समोरच्या काचेच्या नळीत तांबडं पाणी चढत जातं, आणि ते चढायचं थांबलं की थर संपला.

डावीकडे एकच नाणं. उजवीकडेही एकच. मधोमध, चार.

मी पंखा थांबवायला लावला, दार उघडलं आणि पुढच्या कडेवरून हलकेच नख फिरवलं. मधोमध खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं.

"बाबा, बोट द्या तुमचं."

त्यांनी ते चाचपलं. सुताराच्या बोटाला कशाला सांगावं लागतं? "पॉलिश आहे," ते हळूच म्हणाले. "वाळलेलं. त्या दिवशी माझ्याच अंगठ्याला लागलेलं."

"त्याच्यामागे हवा पाचरीसारखी विस्कटत गेलीय. बाकी पंख आरसा आहे, आरसा!"

"म्हणजे... हात गेला नव्हता?"

"हात नाही हो. अंगठा तेवढा आगाऊ."

बाबा हसले, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्या आईला सांगायला हवं होतं गं," ते म्हणाले. आई गेली ती कागदाच्या घड्या घालत घालतच.

मग त्यांनी बारीक पॉलिशपेपर मागितला. आता त्यांचा हात खरोखरच फार थरथरतो. मी पुढे झाले नाही. घासायचं, फुंकर मारायची, बोटाने बघायचं, पुन्हा घासायचं. साहेब दारात येऊन उभे राहिले, तेही घाई करा म्हणाले नाहीत. अखेर बाबांनी मान हलवली.

दार लावायची वेळ आली. सवयीने त्यांचा अंगठा वर आला आणि तसाच थांबला. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"जा गं बाई," ते दुरूनच म्हणाले, "नीट जा."

वारा सुरू झाला. मी नळी मधोमध लावली, तांबडं पाणी चढायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पूर्वीसारखंच मोठ्याने आकडा सांगितला: एक नाणं.