दाराबाहेरचा तपन्या

दाराच्या फटीला तोंड लावून नत्थूजींनी आवाज बारीक केला, थोडा नाकातून काढला आणि हुबेहूब दिपालीसारखी हाक मारली, "सौरव, दार उघड बेटा. मी आली."

आत कूलर घरघरत होता. त्याच्यावरून एक किंकाळी आली, मग धावत्या पावलांचा आवाज आला आणि पाठोपाठ लोखंडी कॉट दाराशी ओढल्याची करकर. नत्थूजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबून हसू दाबलं. सत्तरी ओलांडलेला माणूस मे महिन्यात, ऐन दुपारी, अनवाणी, स्वतःच्याच दारात उभा राहून पोटच्या लेकीचा आवाज काढतो आहे, हे कुणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला ऊन लागलं म्हणून मोकळा झाला असता. पण पाहायला होतं कोण? त्या दिवसांत नागपूरच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून वर येत नाही. शेजारचं बिऱ्हाड लग्नाला काटोलला गेलेलं, दाराला कुलूप. समोर रिकामा प्लॉट. प्लॉटच्या पलीकडे अंजनाबाईंचं घर, पण तिथंही कूलर सुरू, आणि अंजनाबाईंना कूलर बंद असतानाही ऐकू येत नसे.

"अंजनाबाईच्या फ्रिजमधून बर्फ आणतो, कडी लावून घ्या," असं सांगून ते निघाले होते. चपला मुद्दाम आतच ठेवल्या होत्या, कारण चपलांच्या फटफट आवाजानं सोंग उघडं पडलं असतं.

हे सोंग करायची पाळी त्यांच्यावर आली ती अशी. दिपाली एका दवाखान्यात नर्स होती. शाळेला सुट्या लागल्या की सकाळी ड्युटीवर जाताना ती दोन्ही पोरं बापाकडे सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. नत्थूजींचं वर्ष म्हणजे हा एक उन्हाळा. बाकीचं वर्ष नुसतं कॅलेंडर. नोकरीच्या काळात ते एस.टी.त कंडक्टर होते आणि काटोलच्या फेरीवर अशा काही गोष्टी सांगत की संत्र्यांचे व्यापारी रिकामी गाडी सोडून त्यांच्या गाडीत उभ्यानं येत. एकदा ड्रायव्हर चहाला उतरला असताना गाडी आपली आपण कळमेश्वरपर्यंत आली आणि स्टँडवर नीट लागली, असं ते शपथेवर सांगत, आणि सांगताना दर वेळी स्वतःच दचकत.

त्या गोष्टींच्या जोरावरच त्यांनी पोरांना घरात बांधून ठेवलं होतं. पत्ते झाले, सापशिडी झाली, मोबाइलवरचे खेळ झाले की दुपारी दोघांची चुळबुळ सुरू व्हायची. त्या चुळबुळीवर त्यांनी तपन्या काढला. इकडे कडक उन्हाला तपन म्हणतात. तपनीत फिरणारा तो तपन्या. बाहेरून माणूस, आतून पोकळ. त्याला घाम येत नाही, त्याची सावली पडत नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात, प्यायला पाणी आणि शिरायला घर. ज्या घरात तो शिरतो तिथल्या लेकरांच्या अंगातलं पाणी पिऊन टाकतो आणि मागे उरतात ते नुसते फ्रॉक नि शर्ट, वाळत घातल्यासारखे.

गोष्ट तिथं थांबली असती तर बरं होतं. पण दहा वर्षांचा सौरव खोदून खोदून विचारायचा आणि नत्थूजींना उत्तर द्यायला आवडायचं. तपन्या आत कसा येतो? ओळखीच्या माणसाचा आवाज काढून. कोणाचा? पहिले मम्मीचा, मग नानाजींचा. आणि खरंच नानाजी असले तर? नत्थूजींनी मिशीवरून हात फिरवत सांगितलं होतं की खरा नानाजी दार वाजवायचाच नाही, त्याच्याजवळ चाबी असते. आणि तपन्या तर इतका हुशार की शेवटी म्हणेल, तपन्या वगैरे काही नसतो, मीच ते खोटं सांगितलं होतं. असं म्हणाला की पक्कं समजायचं, तोच आहे. एकेक भोक बुजवत त्यांनी ही गोष्ट अशी बंद केली होती की मुंगीलाही वाट राहू नये.

पण काल सौरव निसटला. नानाजींचा डोळा लागलेला पाहून बॅट घेऊन सक्करदऱ्याच्या तलावाकडे गेला, आणि परत आला तो नाकाचा घोळणा फुटून, शर्ट लाल करून. दिपाली रागावली नाही. रागावली असती तर नत्थूजींनी निभावून नेलं असतं. तिनं पोराचं नाक पुसलं, शर्ट बादलीत टाकला आणि पाठमोरीच म्हणाली, "बाबा, तुमच्या गोष्टी आता त्याले पुरत नाई. समर कॅम्पवाल्या मॅडमशी बोलली मी. एसी हॉल आहे त्यायचा. उद्या जर हा पुन्हा बाहेर गेला, तर परवापासून दोघंबी तिकडं."

रात्रभर नत्थूजी तो एसी हॉल बघत पडले. सकाळपर्यंत त्यांचं ठरलं होतं. गोष्टीला आता अंग दिलं पाहिजे.

तर अंग दिलं. आता मिशा सावरून ते आपल्या आवाजात म्हणाले, "चला, झालं. मी आहो बेटा, नानाजी. उघडा."

आतून सौरवचा आवाज आला, बहिणीला समजावणारा, मास्तरी. "पाह्य. आता नानाजीचा काढून राहिला."

नत्थूजींनी मांडीवर थाप मारली. काय पोरगं आहे. पहिले मम्मी, मग नानाजी, क्रमसुद्धा चुकला नाही. त्यांनी पुन्हा कडी वाजवली आणि खरंच मीच आहो म्हणून सांगितलं. उत्तर आलं की खऱ्या नानाजींजवळ चाबी राहते. चाबी आत खिळ्याला लटकत होती.

"आन नानाजीच्या चपला त इथंच हायेत," सौरव बहिणीला म्हणाला. "तपनीत अनवाणी कोण फिरते, सांग मले."

हे मात्र नत्थूजींना सुचलं नव्हतं. पोरानं स्वतःच्या पदरचं घातलं होतं. त्यांना कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी तळव्यांतून एक कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. ओट्याचं सिमेंट तव्यासारखं तापलं होतं. इतका वेळ हसण्याच्या नादात ते एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते, हे त्यांना आत्ता कळलं.

ते भिंतीच्या कडेनं खिडकीकडे गेले. कूलरच्या मागच्या बाजूला ठिबकणाऱ्या पाण्यानं हातभर जमीन ओली झाली होती, तिथं त्यांनी पाय टेकले. कूलरच्या अंगाला हात लावायची सोय नव्हती. चालू असताना त्यात करंट उतरतो, म्हणून पोरांना त्यांनीच दहादा दम दिला होता. हाताची ओंजळ खाली धरली तर पाणी थेंबाथेंबानं येत होतं, आणि ओंजळ भरायच्या आधी वाळत होती. त्यांनी खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताटीजवळ तोंड नेलं आणि आत ओरडले, "काजल, मी होय वं माय. दार उघड."

चालू पंख्यातून बोललेला आवाज कधी ऐकलाय? पात्यांनी त्या हाकेचे तुकडे तुकडे केले आणि थरथरत, घरघरत खोलीभर फेकले. सहा वर्षांची काजल जी ओरडली, ती ओरडतच राहिली. नत्थूजी मागे सरले. तो आवाज त्यांनाही ऐकू आला होता, आणि तो माणसाचा नव्हता.

आता मात्र त्यांनी हिशेब केला. दिपाली येईल संध्याकाळी. अंजनाबाईंचं घर जेमतेम प्लॉटपलीकडे. दुपट्टा डोक्याला गुंडाळून ते निघाले, पण प्लॉटात सगळे गोखरूचे काटे नि काचा, म्हणून रस्त्यानं जावं लागलं आणि रस्त्यावर डांबर पातळ झालं होतं. ते तळव्याला चिकटलं. पाय उचलला तर कातडी सोलून निघाली. चार पावलांवर गुडघे वाकले तेव्हा ते बसू लागले, पण बसायला खालीही तेच डांबर. रांगत, उठत ते पुन्हा आपल्या ओट्याशी आले. येताना सहज पायाशी पाहिलं. सावली नव्हती. सूर्य डोक्यावर असला की नसते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं.

कडी धरून ते दाराला टेकले. आता खेळ मोडायलाच हवा होता. मोडला की काय होणार हेही दिसत होतं. तपन्या गेला की सौरव उद्या तलावावर, आणि परवा दोघंही एसी हॉलमध्ये. त्यांनी डोळे मिटले आणि आयुष्यात ज्याची सवय नव्हती ते केलं. खरं बोलले.

"सौरव, आयक. तपन्या गिपन्या काही नाई. मीच बनवला तो. खोटं सांगतलं मी तुमाले."

आतून पोरगं म्हणालं, "नानाजी खोटं नाई बोलत."

चाळीस वर्षं गोष्टी सांगितल्या, पण हे वाक्य कुणी त्यांना ऐकवलं नव्हतं. व्यापारी हसत, ड्रायव्हर डोळे मिचकावत, बायको कपाळावर हात मारून घेई. नत्थूजींना वाटलं, आपण एवढ्याचसाठी बोलत आलो होतो. त्यांनी दारावर कपाळ टेकलं. लाकूडही तापलं होतं.

मम्मीले फोन लाव, असं त्यांनी सांगून पाहिलं. त्यांचा मोबाइल आत पोराजवळच होता. पण सौरवनं तो उशीखाली सारला असावा, कारण बहिणीला तो सांगत होता की हा मम्मीलेबी धरायला पाहून राहिला, आपण नाई बोलवत तिले.

घाम थांबला होता. मघापर्यंत बनियन पाठीला चिकटली होती, ती आता सुटून वाऱ्यावर हलत होती. एस.टी.त ऊन लागलेले असे उतारू त्यांनी पाहिले होते. मागच्या सीटवर बसलेले, कोरडे, लाल, न घामेजलेले. विचारलं तर म्हणायचे, काही नाई, बरं वाटून राहिलं आता. त्यांना ते खांद्याला धरून उतरवत आणि गाडी पुढे नेत. नत्थूजींना आता बरं वाटत होतं.

कॉट सरकल्याचा आवाज आला, अगदी हळू. दाराच्या फटीशी कुणीतरी श्वास घेत होतं.

"दादा, मले नानाजीच वाटून राहिले," काजल मागे वळून म्हणाली, आणि मग फटीतून, कुजबुजत, "नानाजी?"

एक शब्द पुरे होता. हाव, म्हणजे हो. नुसतं हाव म्हटलं असतं, त्यांच्या आवाजात, तर तिनं कडी काढली असती. नत्थूजींनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. ती सोडवून त्यांनी सगळा जीव गळ्यात आणला, आणि तिथून जे निघालं ते वाळलेली पानं चुरगाळावीत तसं होतं.

पोर मागे धावली. कॉटवर आदळली. यावेळी ती ओरडली नाही, नुसते हुंदके देत राहिली. हुंदक्यांना उचकी लागली आणि उचकीनं तिला ओकारी आली. पाणी पी, पाणी पी, म्हणत सौरव धावत होता, आणि त्याचाही आवाज आता मास्तरी राहिला नव्हता. तोही रडत होता, बहिणीला दिसू नये असं.

नत्थूजींचा हात कडीवरच होता. आपण वाजवली की आत काय होतं ते त्यांनी नीट ऐकलं. मग बोटं एकेक करून सोडवली आणि हात मांडीवर आणून ठेवला. ओट्यावरून ते घसरत, भिंतीला पाठ घासत, कूलरखालच्या ओल्या जागी गेले आणि तिथं पाय पसरून बसले. दुपट्टा ठिबकणाऱ्या पाण्याखाली धरला. तो ओला होतो आहे की नाही, ते कळत नव्हतं.

बाहेर हालचाल थांबल्याचं आत समजलं असावं. हुंदके विरळ झाले. सौरवनं नाक ओढलं आणि सांगायला लागला. एकदा काय झालं माहीत आहे का, तपन्यालेबी लय गरम होऊन राहिलं होतं. म्हणून तो सीताबर्डीले गेला आणि त्यानं एक कूलर घेतला. पण घर नाही, त मग कूलर ठेवणार कुठं?

बाहेर नत्थूजींनी मान हलवली. कूलर एस.टी.च्या टपावर ठेवायला हवा होता, त्यात मजा होती. पोरगं अजून कच्चं आहे. पण सौरव म्हणाला, म्हणून तपन्या स्वतःच त्या कूलरात जाऊन बसला, गुडघे पोटाशी घेऊन, आणि लोकांनी त्याचं बटण दाबलं. काजल हसली. ओल्या नाकानं, उचकीसकट, पण हसली. नत्थूजींना टप आवडेनासा झाला. हेच बरोबर होतं.

मग पोरगं थांबलं. सुचत नव्हतं म्हणून नव्हे. मुद्दाम, नेमक्या जागी.

"मंग?" आत काजलनं विचारलं.

कूलरच्या घरघरीत भिंतीला डोकं टेकून बसलेल्या नत्थूजींचेही ओठ हलले, आणि ऐकायला ते तसेच थांबून राहिले.