कोपऱ्यातला जांभळा ठिपका

आईला कधी कुणी उघडी पाहिलेली नव्हती. घरात दोन मुलीच, तरी कपडे बदलताना ती दाराला कडी लावायची आणि वर कडी नीट बसली का म्हणून ओढून पाहायची. डॉक्टरांना जीभ दाखवायची झाली तरी लाजून अर्धीच बाहेर काढायची. अशा बाईचं आतडं आज कलादालनाच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, गुलाबी-जांभळ्या रंगांत झळकत होतं. लोक हातात सरबताचे पेले घेऊन त्याच्यापुढे माना डोलवत होते. खाली पाटी होती: ‘माझी आई, आतून’. चित्रकार अर्थातच धाकटी.

थोरली आत शिरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थोरली पॅथॉलॉजिस्ट. माणसाच्या अंगातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार सांगायचा, हे तिचं काम. आईच्या आतड्यातली गाठ दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तिचा जीव धजेना, म्हणून ती तिनं स्वतःच पाहिली आणि रिपोर्टवर सहीही स्वतःच केली. त्या सगळ्या आजारपणात धाकटी फोनवरच होती. “ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं,” असं म्हणायची आणि खरोखरच निर्धास्त राहायची. एकदाच लॅबमध्ये उगवली. थोरलीनं तिला पडद्यावर आईच्या गाठीचा काप दाखवला. रडायला कुणाची तरी सोबत हवी होती तिला, दुसरं काय! ती क्षणभर बाहेर गेली तेवढ्यात धाकटीनं मोबाइलवर फोटो मारला. आई गेल्यावर तोच फोटो रंगवून, ताणून भिंतीएवढा केला.

थोरलीनं आमंत्रणावर ते चित्र पाहिलं तेव्हाच फोनवर अक्षरशः हात जोडले होते. “चिमे, काढ गं ते. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.”

“ताई, तुला कलेतलं ओ की ठो कळत नाही,” म्हणून चिमीनं फोन ठेवला होता.

आणि आज जाहीर होणार होतं की हे चित्र शहराच्या संग्रहालयात कायमचं लागणार. म्हणजे शाळांच्या सहलीसुद्धा आईच्या आतड्यापुढून जाणार. थोरली आली होती ती वचपा काढायलाच, आणि दारूगोळा सोबत घेऊन आली होती.

तो दारूगोळा म्हणजे चित्राच्या कोपऱ्यातला जांभळा ठिपका. लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ काप काढतात, ते कोमट पाण्यावर तरंगवतात आणि काचेवर अलगद उचलतात. मधे पाणी नीट साफ झालं नाही, तर आधीच्या रुग्णाचा एखादा कण पुढच्याच्या काचेवर चढून बसतो. आईच्या काचेवर कुणा अनोळखी माणसाच्या टॉन्सिलचा कण असाच फुकट बसला होता. थोरलीनं तो तेव्हाच ओळखून बाजूला धरला होता. धाकटीनं नेमका त्यालाच सगळ्यात जास्त रंग चढवला होता.

धाकटी माइकपाशी आली. पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक डोळ्यांना. “हा कोपऱ्यातला ठिपका पाहा. सगळ्या आजारापासून वेगळा, शांत. मी बघताक्षणी ओळखलं, हीच माझी आई.”

थोरलीनं हसू ओठांत दाबलं. टॉन्सिल!

“शेवटी तुम्हीच जवळ होतात?” कुणीतरी विचारलं.

“होते ना. तिचं अंग मी पुसायचे, चादरी मी बदलायचे. माझ्यापासून तिनं काही लपवलं नाही.”

थोरलीचं हसू तिथंच विरलं. अंग पुसताना आई आधी दिवा बंद करायला लावायची. “कुणाला सांगू नकोस हं,” म्हणायची. ते थोरलीला म्हणायची, या भवानीला नव्हे.

ती पुढे झाली. “मी हिची मोठी बहीण. हा काप माझ्या लॅबमधला. तो ठिपका आमच्या आईचा नाही. तो दुसऱ्याच कुणाचा टॉन्सिल आहे, पाण्यातून चिकटलेला.”

लोक फिसकन हसले. धाकटीचा चेहरा खाडकन उतरला. पण संग्रहालयाच्या संचालिकाबाई पुढे सरसावल्या. “वा! म्हणजे आईनं परक्यालाही कुशीत घेतलं! अर्थ आणखीच गहिरा झाला.” लागलीच माना डोलू लागल्या आणि धाकटीची हनुवटी पुन्हा वर आली.

खरं बोलून भागत नाही म्हटल्यावर, आयुष्यात एकही खोटा रिपोर्ट न दिलेल्या थोरलीनं पहिला खोटा रिपोर्ट दिला.

“बाकीचंही आईचं नाही. माझ्या लॅबमध्ये काचांची अदलाबदल झाली, मला ती फार उशिरा कळली. तुम्ही पाहताय ती कुणा तिऱ्हाइताची मूळव्याध आहे.”

संचालिकाबाईंनी पेला खाली ठेवला. “त्यांची परवानगी?”

“कुठून असणार?”

आपल्या लॅबचं नाव आपणच मातीत घालतोय हे तिला कळत होतं. पण त्या क्षणी तिला इतका आनंद झाला की विचारू नका. बाई तोंडावर हात ठेवून फोन लावायला बाहेर गेल्या, आणि परतल्या त्या चित्र उतरवायला माणसं घेऊनच.

धाकटीनं तिला मागच्या खोलीत ओढलं. “ताई, आईची शपथ घेऊन सांग.”

“आईची शपथ.”

धाकटी मटकन खुर्चीत बसली. तिथं ना माइक होता ना माणसं, तरी ती रडत होती, नाक गळेपर्यंत रडत होती. “मग मी रोज कुणाशी बोलत होते गं? स्टुडिओचं दार लावून त्याच्यापुढे बसायचे. आले नाही म्हणून माफी मागायचे.”

हे मात्र थोरलीला ठाऊक नव्हतं. घाव जिव्हारी बसला होता, तिनं योजला होता त्याहून कितीतरी खोल. एका शब्दात तिला आई परत देता आली असती. शब्द ओठांवर आलाही. पण मग उद्या आई पुन्हा भिंतीवर.

“कुणाच्या तरी मूळव्याधीशी,” ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

माणसं चित्र अडगळीच्या खोलीत ठेवत होती. “वरून चादर टाका,” थोरली म्हणाली. “पूर्ण. तो कोपरासुद्धा.” माणसं गेल्यावर तिनं दिवा बंद केला, दार लावलं आणि कडी नीट बसली का म्हणून ओढून पाहिली.