बिनमानेच्या मोराची चादर

"पेटीत घालून ठेवू नको गं गोजाबाई. अंगावर घाल. चादर अंगावरच टिकते."

हे शब्द नरसम्माचे. मला गोजाबाईच्या हातात देताना ती एवढेच बोलली. किती वर्षे झाली, पण अजून कोणी मला उचलले की तेच शब्द आधी आठवतात.

मित्रांनो, मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. एके काळी माझा रंग गडद निळा होता आणि काठाला पिवळ्या मोरांची ओळ होती. आता निळा कुठे संपतो आणि मळकट कुठे सुरू होतो, ते माझे मलाही सांगता येत नाही. मी थकले आहे. पण थकलेल्याचे ऐकायला तुम्ही बसला आहात, म्हणून सांगते.

माझा जन्म सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका घरात झाला. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. नरसम्माचा नवरा मागावर बसे. घरात सगळे तेलुगू बोलत, त्यामुळे माझ्या कानावर पहिले शब्द तेच पडले. मी मागावर असताना काठाजवळचा एक धागा तुटला आणि विणकराच्या ते लवकर ध्यानात आले नाही. कोपऱ्यातल्या शेवटच्या मोराला मान आलीच नाही. तिथे नुसती एक विरळ जागा राहिली. मी दोषाचा माल ठरले आणि विकायच्या गठ्ठ्यातून बाजूला पडले.

गोजाबाई त्या घरी कांड्या भरायला यायची. मागाच्या धोट्यात सुताची जी छोटी कांडी बसवतात ती भरण्याचे काम. हात चालू आणि तोंड बंद, अशी ही बाई. तिला मुलगी झाली, तेव्हा नरसम्माने बाळासाठी मला देऊन टाकले. दोष असलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, याचे मला फार बरे वाटले होते.

गोजाबाईचे घर मिलच्या मागच्या वस्तीत होते. नवरा कुंडलिक मिलमध्ये सूतखात्यात होता. वस्तीतल्या पुष्कळ जणांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, त्यात हे दोघेही होते. शेजारी सोजरबाई राहायची. वयाने मोठी, तोंडाने फटकळ. तिने दीक्षा घेतली नव्हती, जुने देव सोडले नव्हते. दोन्ही घरांच्या मध्ये एकच पत्र्याची भिंत. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक यायची.

मुलीचे नाव प्रभा. ती माझ्याखाली वाढली. झोपताना ती त्या बिनमानेच्या मोराच्या विरळ जागेत बोट घालून पडायची.

"आई, ह्याची मान कुटं गेली?"

"पंखात घालून झोपलाय गं तो."

"मग उठंल कवा?"

"तू झोपलीस की."

हे रोजचे होते. रोज मोर उठायच्या आधी प्रभा झोपायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला पाणी येईल तेव्हा यायचे, आणि येईल ते गढूळ. वस्तीत पोरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. प्रभा फार दिवस आजारी नव्हती. ती गार पडली तेव्हाही मी तिच्या अंगावर होते. मित्रांनो, चादरीचे काम ऊब धरून ठेवण्याचे. अंगात ऊबच राहिली नाही, तर चादरीने काय धरावे?

त्यानंतर एके सकाळी गोजाबाई मला धुवायला नळावर घेऊन गेली. आपल्या वाटच्या पाण्यातून तिने एक बादली मागे ठेवली होती. नळावर ही रांग. सोजरबाई रांगेत पुढे होती, सकाळपासून उन्हात उभी राहून तापलेली. तिने मला भिजताना पाहिले आणि तिचा तोल गेला.

"हितं प्यायला थेंब न्हाय, आन ही चादरी धुतीया!"

"माज्या वाटचं पानी हाय आक्का," गोजाबाई हळू म्हणाली.

"वाटचं म्हनं! रोज डोळं मिटून बसतीस की गं एवढी. पोरगी तरी राहिली का त्यानं?"

पाण्याची धार तेवढी वाजत होती. गोजाबाईने मला अर्धवट भिजलेलीच पिळली, बादली उचलली आणि घरी आली. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणे राहिले नाही. सोजरबाईने नंतर एकदा वाटीभर कोरड्यास दारात आणून ठेवले होते. ते तसेच झाकलेले परत गेले.

गोजाबाईने मला पेटीत घातले नाही, पण अंगावरही कधी घेतले नाही. माझी चौपदरी घडी घालून तिने माझे आसन केले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर मेणबत्ती आणि खाली मी. रोज सांजेला ती हातपाय धुऊन माझ्यावर बसे, त्रिशरण घेई, पंचशील म्हणे. पौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून उपोसथ धरी, दुपारनंतर अन्न घेत नसे. एकही दिवस चुकला नाही. कुंडलिक कधी म्हणायचा, "अगं, थंडी पडलीया, चादर काढ की." ती ऐकून न ऐकल्यासारखी करायची आणि त्याला आपले जुने लुगडे दुहेरी करून द्यायची.

एका पावसाळ्यात वस्तीच्या विहारात एक भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू, वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर एके ठिकाणी राहायला आले. म्हातारे होते, बोलताना मध्येच थांबून श्वास घेत. एकदा ते गोजाबाईच्या घरी भोजनदानाला आले, तेव्हा त्यांनी तिला मैत्रीभावना शिकवली.

"आधी स्वतःचं मंगल चिंतायचं. मी सुखी होवो. मग जे आवडतात त्यांचं. मग ज्यांचं आपल्याला काही नाही, रस्त्यावरचा माणूस, मिलचा पहारेकरी, त्यांचं. आणि शेवटी ज्यानं आपल्याला दुखवलं त्याचं."

गोजाबाई खाली बघत म्हणाली, "भन्ते, तिच्यासंगं माजी मैत्री न्हाय."

भन्ते हसले. "ती मैत्री वेगळी, बाई. त्या मैत्रीला दोघं लागतात. हिला एकटं माणूस पुरतं."

"आन न्हाईच जमलं तर?"

"तर जिथं अडतं तिथपर्यंत रोज जायचं. ढकलायचं नाही. पण वाटेतून परतायचंही नाही. रोज तिथपर्यंत."

ते पुढे निघून गेले. गोजाबाई मात्र रोज तिथपर्यंत जात राहिली. मी खाली होते, म्हणून मला कळायचे. स्वतःचे नाव ती घाईने उरकी. कुंडलिकचे घेई. प्रभाचे नाव आले की क्षणभर थांबे आणि पुढे जाई. नरसम्मा, भन्ते, बोळातला भंगारवाला, नळ सोडणारा माणूस. मग शेवटची पायरी यायची. तिथे तिचे ओठ मिटत आणि बोटे माझ्या दशा पिळू लागत. माझ्या कडेचे ते लोंबते धागे, तेही नेमके बिनमानेच्या मोराच्या कोपऱ्यातले. दिवसामागून दिवस ती तिथे येऊन बसायची आणि तिथूनच उठायची. माझ्या त्या कोपऱ्याच्या दशा झिजून गेल्या. मित्रांनो, खरे सांगते, माणसाच्या वजनाने मी कधी एवढी दमले नाही. पण त्या न घेतलेल्या नावाचे ओझे मला फार झाले होते.

तिकडे सोजरबाईचेही बरे चालले नव्हते. तिचा मुलगा जोतीराम होटगीला रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये लागला होता. सून मुक्ता हिच्याशी सोजरबाईचे भांडण इतके विकोपाला गेले की मुक्ता तान्ह्या पोरासकट होटगीला निघून गेली. "पुन्यांदा तिचं तोंड बघनार न्हाय," असे सोजरबाई साऱ्या बोळाला ऐकू जाईल असे ओरडली होती. मग ती एकटी राहिली.

पंचाहत्तर साली वस्तीत हिवतापाची साथ आली. दसऱ्यानंतरची पौर्णिमा होती. भर दुपार, ऊन असे की पत्र्याला हात लावावा तर चटका बसावा. गोजाबाई उपोसथाची म्हणून दुपारीच माझ्यावर बसली होती. एकेक नाव घेत ती शेवटच्या पायरीला आली, ओठ मिटले, बोटे माझ्या दशांकडे गेली आणि मधला पत्रा वाजू लागला.

आधी बारीक, मग खडखड. पलीकडे सोजरबाईची बाज भिंतीला टेकलेली होती. बाजेवरचे माणूस कापत होते, म्हणून पत्रा वाजत होता. घामाने निथळणाऱ्या त्या दुपारी भिंतीपलीकडे कोणीतरी थंडीने कुडकुडत होते.

गोजाबाई डोळे मिटून बसून राहिली. पत्रा थांबेना. शेवटी ती उठली, तिने मला खालून ओढून काढले आणि घडी छातीशी धरून शेजारच्या दारात गेली.

"कोन हाय?"

"मी, आक्का. गोजा."

सोजरबाई पोत्याखाली मुटकुळे करून पडली होती. दातांवर दात आपटत होते. तरी तिने मान वर केली.

"तूच केलंस गं हे. मला कळत न्हाय व्हय? रोज सांजंला भिंतीपल्याड पुटपुटतीस. आपली भाषा बी न्हाय ती. माज्या नावानं करनी करतीस तू!"

गोजाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या पाली गाथांचा या बाईने इतकी वर्षे हा अर्थ लावला होता!

"आक्का, खरं सांगू? तुजं नाव मी कदीच घेतलं न्हाय. समद्यांचं घेते. तुज्यापाशी आले की तोंडच उगडत न्हाय."

"कशाला घेतेस समद्यांचं?"

"सुकी होवो म्हनायला."

बाज तेवढी खडखडत होती.

"आन माजंच तेवढं न्हाय?"

"न्हाय."

"नळ सोडनाऱ्याचं घेतीस?"

"घेते."

"त्या मुडद्याचं घेतीस! आन माजं इतक्या वर्सांत एकदा बी न्हाय?"

"न्हाय आक्का."

मग सोजरबाई अगदी म्हाताऱ्या आवाजात म्हणाली, "तरीच हुडहुडी भरली म्हनायची." गोजाबाईच्या तोंडावर हसू आले, ते तिलाही आवरले नाही. सोजरबाई पुढे म्हणाली, "घे की मग आता. माज्यादेखत घे. आन मराटीत घे, मला कळू दे."

गोजाबाईची बोटे माझ्या दशांवर आली. मला वाटले, आता पुन्हा पिळणार. पण तिने माझी घडी मोडली. तीन वर्षांनी मी पुरती उलगडले. तिने मला सोजरबाईच्या अंगावर घातले, पायांखाली खोचले, खांद्यापर्यंत ओढले.

"सोजरआक्का सुकी होवो," ती म्हणाली. थांबली. "तिचा ताप उतरो. तिचं..." पुढे तिला बोलवेना. डोळे पुसून ती म्हणाली, "तू नळावर बोललीस, ते मी इसरले न्हाय, आक्का."

"मी तरी कुटं इसरले," सोजरबाई पोत्यात तोंड घालून म्हणाली.

माझ्याखाली ते अंग हळूहळू शांत होऊ लागले. सोजरबाईचे बोट चाचपडत माझ्या कोपऱ्यात गेले.

"हितं फाटलीया गं."

"फाटली न्हाय. मोर हाय तितं. झोपलाय."

कडू गोळ्या कुंडलिकने दवाखान्यातून आणून दिल्या. हिवताप एक दिवसाआड परत यायचा आणि मी तिच्या अंगावर असायचे. बरे वाटू लागले तेव्हा सोजरबाई म्हणाली, "सवच्छ धुऊन आनून देते तुजी चादर."

"मला नगं. आता जो कोन कुडकुडंल, त्याच्या अंगावर घाल."

"कुनाच्या बी?"

"कुनाच्या बी, आक्का."

"दिला सबूद," सोजरबाई म्हणाली. शब्द सोपा वाटला असेल तिला तेव्हा.

मित्रांनो, मी विद्वान नाही. भन्त्यांचे बोलणे मी जमिनीवर पडून ऐकले. पण एक कळले ते सांगते. मायेची वस्तू घडी घालून जपली की ती तशीच राहते असे आपल्याला वाटते. तशी ती राहत नाही, घडीवरच विरते. तुमच्या घरात अशी एखादी जपून ठेवलेली चादर असेल, तर ती काढा. आणि एखादे न घेतलेले नाव असेल, तर रोज त्याच्यापर्यंत जाऊन या. एका दिवसात नाही होत ते. माझ्या झिजलेल्या दशा बघा.

काल होटगीहून जोतीरामच्या गँगमधला एकजण आला होता. मुक्ताला हिवताप भरला आहे, पोरालाही जवळ घेता येत नाही, असे तो सांगून गेला. सोजरबाई मला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली आणि तिची बोटे माझ्या त्याच कोपऱ्यात येऊन दशा पिळू लागली. तो पीळ मला ओळखीचा होता. सांज झाली. भिंतीपलीकडे गोजाबाईचा आवाज सुरू झाला. एकेक नाव येत गेले, आणि शेवटी 'सोजरआक्का' आले. आता ते न अडता येते.

आज सकाळी सोजरबाईने तोंड धुतले, भाकरी बांधली. मला झटकले, घडी घातली आणि काखेत मारले. गोजाबाई दारात कांड्या भरत होती. तिने नुसते वर पाहिले. सोजरबाईनेही नुसती मान हलवली आणि अजून पुरते बळ न आलेल्या पायांनी ती होटगीच्या रस्त्याला लागली.