मधोमध अडकलेला काटा

फ्लॉवरच्या गोण्या पिकअपात चढवून झाल्या तेव्हा महाळुंगे पडवळच्या शिवारावर धुकं अजून लोंबत होतं. पौषातली थंडी. बोनेटवर दव असं साचलं होतं की बोटानं रेघ ओढली तर पाण्याचा ओघळ खाली जात होता. वृषालीनं पदर कमरेला खोचला, डोक्याला मफलर गुंडाळला आणि सीटवर बसून किल्ली फिरवली. इंजिन अजून चालू केलं नव्हतं. नुसते दिवे लागले होते.

आणि इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा टुणकन उडून मधोमध जाऊन बसला.

तिनं किल्ली मागं घेतली. काटा खाली पडला. पुन्हा फिरवली. पुन्हा मधोमध.

"काय गं, न्हाई चालू व्हत का?" ओट्यावरनं सासूनं, कुशाबाईनं विचारलं.

"व्हती की, आत्या," ती म्हणाली, पण तिचा हात स्टिअरिंगवरच राहिला.

ही गाडी घेतली होती नवऱ्यानं, गोरखनं. पण त्याचा जीव गाडीत कधी रमलाच नाही. त्याचा जीव बैलगाडा शर्यतीच्या घाटात. कुठं शर्यत आहे, कुणाचा खोंड किती सेकंदात सुटला, ह्याच्यापलीकडं त्याला दुनिया नव्हती. माल सडायला लागला तेव्हा वृषालीच स्टिअरिंगवर बसली, आणि तेव्हापासून ती बसलेलीच होती. फ्लॉवर मंचरला, कांदा लागवडीच्या बाया डिंभ्याकडनं खाली आणायच्या, संध्याकाळी परत सोडायच्या, सगळं तीच करायची.

गाडी तिला अंगच्या दुखण्यासारखी ठाऊक होती. सकाळी काटा तळाला असायचा. कळंबच्या पुढं हायवेला लागली की हळूहळू वर यायचा आणि मध्याच्या जरा खाली थांबायचा. भरल्या गाडीनं चढ घेतला की दोन केस वर, उतार लागला की परत खाली. दिवाळीपासून मात्र तो चढावर तांबड्या रेघेकडं सरकायला लागला होता. मग ती गिअर उतरवायची, इंजिनची धग बाहेर काढायला हीटर पुरा सोडायची, तोंडावर गरम वाफ घेत झाडाची सावली गाठायची. पाणी रोज कमी व्हायचं आणि खाली तर थेंब दिसायचा नाही. म्हणजे इंजिनच ते पीत होतं. मंचरच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, हेडचं गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.

परवा गोरख स्वतःहून गाडी ओतूरच्या गॅरेजात घेऊन गेला. संध्याकाळी आला तो हसतच. "झाली गाडी बेस. आता काटा हालायचा न्हाई," म्हणाला. आणि खरंच काल दिवसभर काटा हलला नाही. नवऱ्याला एकदाची घरच्या कामाची लाज वाटली म्हणून वृषालीला इतकं बरं वाटलं होतं की रात्री तिनं त्याच्या आवडीची मासवडी केली.

आता ती खाली उतरली आणि बोनेटवर तळवा टेकवला. बर्फासारखं गार. आत काटा सांगत होता, इंजिन तापून तयार आहे.

मंचरपर्यंत तिनं गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली. माल उतरवला आणि बोनेट उघडलं. रेडिएटरचा रबरी पाईप दगडासारखा ताठला होता. तापलेल्या कूलंटचा, गुळाच्या पाकासारखा गोडूस वास भपकन नाकात गेला. काटा अजून तसाच, मधोमध, शहाण्यासारखा बसलेला. काट्याकडं येणाऱ्या वायरीला काळ्या टेपात गुंडाळलेला एक बोटभर तुकडा नवीन जोडलेला होता. बाकी इंजिनाला कुणी पाना लावल्याची खूणसुद्धा नव्हती. नटांवरचा मळ जसाच्या तसा.

आपण काल ह्या माणसाला मासवडी खाऊ घातली.

घरी आली तेव्हा गोरख आणि सासरे, सोमाजी, ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"इंजिन खोललंच न्हाई तुमी," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "नुसता काटा बांधून आनला."

गोरखनं शेंगेचं टरफल अंगणात भिरकावलं. "कळलं व्हय तुला? हुशार हायेस."

"कशापाई केलं?"

"इकायचीय गाडी. उद्या गिऱ्हाईक येतंय. डिंभ्याच्या वरल्या अंगाचं हाय, रामनाथ म्हनून. एक खोंड बघितलाय मी, वृषे. काय चीज हाय. घाटात सोडला का धूळबी दिसायची न्हाई."

"रामनाथभाऊ?" तिचा आवाज खाली आला. त्यांच्या वाडीतल्या बाया लागवडीला तिच्याच गाडीतनं यायच्या. "कसली गाडी कुनाला इकताय? त्यांची वाडी वर डोंगरात. एसटी येती तर येती, न्हाई तर न्हाई. ते मानसं भरनार गाडीत. बाळंतिनी भरतील, म्हातारी भरतील. त्या चढावर इंजिन तापून जाम झालं तर गाडी मागं कुटं जाईल, म्हाईत हाय ना? खाली धरनाचं पानी हाय."

"ती नीट हळू चालवतील."

"काटा मधी दिसला तर कशाला हळू चालवतील?"

सोमाजीनं घसा खाकरला. हा माणूस गावच्या हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा घेऊन उभा राहायचा. कपाळावरचा बुक्का अजून ताजा होता. "हे बघ पोरी, वस्तू इकताना खोट कोन सांगतं? म्हस इकताना लाथ मारती म्हनून कुनी सांगतं का? गिऱ्हाइकानं डोळं उघडं ठिवावं. तू च्या कर अन् गप ऱ्हा."

"म्हशीची लाथ एकाला बसती, मामा."

"गप ऱ्हा म्हनलं ना."

ती आत गेली. चुलीपुढं बसली पण हात चालेना. बाहेर दोघं बापलेक खोंडाच्या वशिंडाचं कौतुक करत होते आणि शेंगा फुटल्याचा कटकट आवाज येत होता. त्या आवाजाचीसुद्धा तिला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी रामनाथ आला, बरोबर बायको, इंद्रायणी. दोघं घोडेगावपर्यंत जीपनं आणि पुढं मिळेल त्या वाहनानं आलेले. इंद्रायणीच्या डोक्यावर गाठोडं होतं. तिनं ते कुशाबाईच्या पुढं सोडलं. नव्या भाताचे तांदूळ. हातसडीचे.

"घरचं हायेत," ती संकोचून म्हणाली. "गाडी नेनार, मंग रिकाम्या हातानं कसं यायचं?"

गोरखनं गाठोडं लगेच आत ढकललं. वृषालीनं चहाचा पेला हातात धरूनच ते बघितलं. गाडी काढून देण्याआधी तांदूळ घरात गेले होते.

इंद्रायणीनं पदराच्या गाठीतनं हळद-कुंकू काढलं आणि बोनेटला पाच बोटं ओढली. रामनाथ गाडीभोवती चपला काढून फिरला. टायरला हात लावला, फाळका हलवून बघितला. मग सरळ म्हणाला, "आमाला यातलं लई कळत न्हाई बघा. बैल असता तर दात बघितलं असतं. वाडीतली मानसं म्हनली, तापायचं तेवढं इचारून घे. चढाला गाड्या तापत्यात."

"तापायचं नावच न्हाई," गोरख म्हणाला. "काटा बघा तुमी. मधल्या रेघेवरनं हालला तर मिशी काढून देईन."

"अन् आमची सूनच चालवती की," सोमाजीनं वर जोडलं. "बाईमानूस चालवतंय म्हंजी बघा गाडी किती गुनाची. सांग गं, पावन्यांना."

सगळे तिच्याकडं वळले. इंद्रायणी तिच्याकडं बघून हसली. बाईनं गाडी चालवावी ह्याचं त्या हसण्यात कौतुक होतं, आणि पुरता भरवसा होता.

वृषालीनं पेला खाली ठेवला. "रामनाथभाऊ, हात लावा बोनेटला."

त्यानं लावला.

"कसं हाय?"

"गार हाय की."

"सकाळधरनं चालू केली न्हाई. आता इकडं बसा, किल्ली माझ्याकडं हाय." तिनं खिडकीतनं हात घालून किल्ली फिरवली. काटा उडाला. "इंजिन चालू न्हाई, अन् काटा काय सांगतोय बघा. गार इंजिनाचा काटा खाली तळाला पायजे. चालल्यावर हळूहळू वर यायला पायजे. ह्यो न वर जायचा, न खाली. आत इंजिन जळून गेलं तरी ह्यो असाच बसनार."

रामनाथ बराच वेळ काट्याकडं बघत राहिला. मग उतरला, चपला पायात घातल्या. भांडला नाही. वृषालीला हेच जास्त लागलं.

"चल गं," तो बायकोला म्हणाला.

इंद्रायणीनं बोनेटवरचं कुंकू पदरानं पुसून घेतलं. वृषाली आत धावली आणि तांदळाचं गाठोडं तिनं स्वतः इंद्रायणीच्या डोक्यावर चढवलं. कुशाबाई बघत राहिली, पण आडवी आली नाही.

पाहुणे वळणाआड गेले आणि गोरखची थोबाडीत बसली. वृषालीनं गाल चोळला नाही. "घरभेदी," सोमाजी म्हणाला. "खाल्ल्या ताटात घान करनारी." दुपारपर्यंत गावात झालं, गोरखच्या बायकोनं उभा सौदा मोडला. पारावर एकानंही विचारलं नाही की गाडीत खोट होती का.

संध्याकाळी शेजारचा भगवंत आला. वृषालीला वाटलं, हा तरी दोन शब्द सरळ बोलेल. शिकलेला माणूस, पतपेढीत नोकरीला. तो गोरखला बाजूला घेऊन म्हणाला, "राव, ते वायरीचं काम कोन करून देतं? माझीबी जुनी गाडी काढायचीय." मग जरा विचार करून म्हणाला, "चुकलं तुझंच. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून तापवून ठिवायची. म्हंजी गार इंजिनाचा प्रश्नच न्हाई."

गोरखचा चेहरा उजळला.

दाराआड उभ्या वृषालीला जे वाटलं ते थोबाडीपेक्षा वाईट होतं. तिनं खरं सांगितलं होतं, आणि त्यातनं ह्यांनी एवढंच शिकून घेतलं की पुढच्या वेळी लबाडी कशी नीट करायची.

चारच दिवसांत नवं गिऱ्हाईक ठरलं, शिरूरकडचं. वृषालीनं तोंड उघडलं नाही. आदल्या दिवशी माल घेऊन निघाली, मंचरला उतरवला आणि घरी न येता पाण्याचे कॅन भरून ओतूरचा रस्ता धरला. दर थोड्या अंतरावर थांबत, इंजिन निवू देत पोचली. गॅरेजवाला मोहित, पोरगेलाच, मोबाइलमधनं मान वर न करता म्हणाला, "मला काय वैनी, गिऱ्हाईक सांगतं ते आमी करतो."

"मग मीबी गिऱ्हाईकच हाय. तुकडा काढ अन् वायर व्हती तशी जोड."

त्यानं खांदे उडवले. काम चहा निवायच्या आत झालं. परतीच्या वाटेवर काटा तळातनं उठला, चढाला वर गेला, तांबड्याजवळ पोचला, ती थांबली, तो खाली आला. तिला बरं वाटलं असं नाही. पण नाकात बसलेला तो गोडूस वास जरा कमी झाला.

सकाळी गोरख गाडी घेऊन सुटला. भगवंतानं सांगितल्याप्रमाणं चांगली दोन गावं फिरवली, कानाला मोबाइल लावून. काट्याकडं बघायची त्याला सवयच नव्हती, आणि आता तर गरजही नव्हती. फाट्यावरनं गिऱ्हाईक शेजारी बसवून अंगणात आला. पिकल्या मिशांचा, धोतर-टोपीतला माणूस. सोमाजी पुढं झाला. वृषाली ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, ती बसूनच राहिली.

"इंजिनचा आवाज ऐका, पावणं," गोरख म्हणाला आणि जागेवरच रेस दिली. "अन् ह्यो काटा बघा, मधल्या..."

तो थांबला. काटा तांबड्या रेघेवर टेकला होता. गोरखनं काचेवर टिचकी मारली. मग बोटाच्या पेरानं ठोकलं. मग मुठीनं. बोनेटच्या फटीतनं पांढरी वाफ फुसफुसायला लागली.

"काच ठोकून इंजिन निवत न्हाई," म्हातारा शांतपणे म्हणाला आणि धोतर सावरत खाली उतरला. "मला फाट्यावर चालतच जावं लागनार, दिसतंय."

गोरख वृषालीकडं वळला. हात उगारला होता, पण म्हातारा अजून फाटकातच उभा राहून बघत होता, आणि आता कुशाबाई मधे आली. "बास झालं," ती लेकाला म्हणाली. एवढंच. लग्न होऊन आल्यापासून सासूनं त्या घरात इतकं मोठ्यानं काही म्हटलेलं वृषालीनं ऐकलं नव्हतं.

खोंड दुसऱ्या कुणी नेला. गोरख त्या रात्री जेवला नाही. सोमाजी जेवला, सगळं चाटूनपुसून, आणि हात धुताना म्हणाला, "आता ह्या मढ्याला घेनार कोन?"

"कुनीच न्हाई," वृषाली म्हणाली. "इंजिन खोलायचं, गॅस्केट बदलायचं. फ्लॉवरच्या पट्टीच्या पैशातनं व्हईल. मिस्त्रीला सांगून आलीय मी."

"अन् चालवनार कोन? गोरख तर हात लावनार न्हाई म्हनतोय."

तिनं ताटं गोळा केली. "आजपातूर कोन चालवत व्हतं, मामा?" असं म्हणून ती मोरीकडं गेली, आणि गाडीची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला न अडकवता तिनं आपल्या मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवून घेतली.