कोनाड्यातला कप

मित्रांनो, मी एक जुना, कान तुटलेला चहाचा कप आहे. माझा कान पडून तुटला नाही. इंझोरीच्या स्टँडवर हॉटेल काढलं, तेव्हा मालक इंद्रभानने ओळख पटावी म्हणून तो दगडाने उडवला. माझे भाऊबंद आत फळीवर गेले, मी बाहेरच्या कोनाड्यात. आधी वाटलं, वा, स्वतंत्र खोली मिळाली! मग कळलं, बौद्धपुऱ्यातल्या माणसांना माझ्यातच चहा मिळतो, तोही वरून ओतून. पिऊन झाल्यावर मला धुऊन पालथं ठेवायचं कामही त्यांचंच.

सगळ्यात निगुतीने मला चंपाबाई धुवायची. ती इंद्रभानच्याच वावरात कापूस वेचायची. छप्पन साली तिच्या घराने दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तेव्हा गावाने त्यांचं काम, दुकान, गिरणी सगळं बंद केलं. त्या उपासमारीत तिचं तान्हं मूल गेलं.

सत्याहत्तर सालच्या दिवाळीत तिची मुलगी विशाखा अकोल्याच्या वसतिगृहातून आली. चंपाबाई तिला घ्यायला स्टँडवर आली होती. विशाखा सरळ हॉटेलात शिरली, बाकावर बसली आणि आतल्या कपात चहा मागितला. नागरी हक्कांचा नवा कायदा झालाय, हेही तिने शांतपणे सांगितलं. इंद्रभानने चहा दिला, पण बघत होता तो चंपाबाईकडे. ती मला धरून दाराबाहेर उभी होती, माझ्यातला चहा अर्धाच पिऊन झालेला.

"ऊठ पोरी," ती म्हणाली. "तुले कायदा माहीत हाय. मले त्या सालची भूक माहीत हाय."

"म्हणून जल्मभर बाहेरच उभी राह्यशीन काय, माय?"

विशाखाचा चहा संपला. इंद्रभान म्हणाला, "चंपे, पोरीचा कप बी धुऊन ठेव, अन् उद्या वेचणीले ये."

म्हणजे कप धुतला की सगळं मिटणार होतं. चंपाबाई पहिल्यांदाच आत आली. तिने लेकीचा कप उचलला. दुसऱ्या हातात मी होतोच. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप रांजणाकडे वळले. विशाखाने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आली अंघोळ. पण चंपाबाई थबकली, मागे फिरली आणि आम्हां दोघांनाही तसंच उष्टं इंद्रभानसमोर ठेवलं.

"आत बसणाऱ्यायचे कप तुमी धुता," ती म्हणाली. "आमचे बी तुमीच धुवा."

वेचणीचं बोलावणं आलं नाही. मला त्याच संध्याकाळी उकिरड्यावर फेकलं. तिथून मला रस्ता आणि हॉटेलातला बाक दिसे. चंपाबाई आता दूरच्या वावरात कामाला जाई, दमून परते. पण येता-येता कधी हॉटेलात शिरे, बाकावर बसून चहा पिई आणि कप तिथेच ठेवून उठे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. असा बाजूला ठेवलेला कप तुमच्या हाती कुणी दिलाच, तर तो धुऊ नका.